५० एमएम एफ १.८: अनोळखी चेहऱ्यांवर वापरून पाहिल्यानंतर

ही लेन्स मी जवळजवळ एकाच कामासाठी वापरते. रस्त्यावर, स्टेशनबाहेर, बसथांब्यावर दिसलेल्या अनोळखी माणसांना विचारायचं आणि त्यांचं पोर्ट्रेट काढायचं. लग्न, व्हिडिओ, प्रॉडक्ट फोटो यांसाठी ती कशी आहे हे मला विचारू नका. बॉडी फुल फ्रेम, म्हणजे ३६×२४ मिलिमीटरच्या सेन्सरची आहे. क्रॉप (म्हणजे त्याहून लहान) सेन्सरवाल्यांनी अंतराच्या हिशोबात ५० म्हटलंय तिथे ३५ एमएमची लेन्स समजावी, १.५ पटीने ती ५२ च्या आसपासच जाते.

आधी ८५ एमएमची लेन्स वापरायचे. (एमएमचा आकडा मोठा तितकं दृश्य जवळ येतं, म्हणून तितकं मागे उभं राहावं लागतं.) पोर्ट्रेट म्हटलं की ८५, हे सगळ्यांच्याच डोक्यात बसलेलं असतं, आणि स्टुडिओत ते खरंही आहे. फूटपाथवर मात्र गणित बदलतं. कॅमेरा उभा धरून डोक्यापासून छातीपर्यंत, म्हणजे साधारण ७० सेंटिमीटर उंचीचा भाग फ्रेममध्ये घ्यायचा असेल, तर ८५ ला पावणेदोन मीटर लागतात. तेवढ्या जागेत मधून एक सायकल जाते, एक फोनवर बोलणारा जातो, आणि समोरच्याला ‘थोडं डावीकडे वळा’ हे ओरडून सांगावं लागतं. ओरडून सांगितलेलं ऐकताना कुणाचाच चेहरा बरा दिसत नाही. ३५ एमएमने हीच फ्रेम पाऊण मीटरच्या आत येते. मग नाक मोठं दिसू लागतं. (दोष लेन्सचा नाही, अंतराचा. पण ज्याचं नाक आहे त्याला हे कोण समजावणार?)

५० ला बरोबर एक मीटर लागतो. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसं एकमेकांपासून किती लांब उभी राहतात याचे टप्पे मांडले होते. त्यात ४५ सेंटिमीटर ते १.२ मीटर हा ओळखीपाळखीच्या माणसांचा टप्पा. त्यापुढे कामापुरतं, औपचारिक बोलणं सुरू होतं. म्हणजे ही लेन्स तुम्हाला थेट ओळखीच्या माणसाच्या जागी नेऊन उभी करते, ओळख नसताना. सुरुवातीला हेच जड जातं आणि हेच तिचं खरं काम आहे. इतक्या जवळून चोरून फोटो निघत नाही. विचारावंच लागतं, आणि विचारलं की समोरच्याला नाही म्हणायलाही जागा राहते.

लांबून, नकळत काढलेल्या पोर्ट्रेटची वेगळी परंपरा आहे हे मान्य. फिलिप-लॉर्का डिकॉर्शिया या अमेरिकी छायाचित्रकाराने १९९९ ते २००१ या काळात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये आधीच फ्लॅश लावून ठेवले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यातल्या एका गृहस्थाने दावा लावला; २००६ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो फेटाळला, कारण हे कलाकृतीत मोडतं. उलट जर्मनीत १९०७ पासूनचा कायदा आहे की ओळखू येणारा चेहरा प्रसिद्ध करायचा तर, काही अपवाद सोडता, त्या माणसाची संमती हवी. देशोदेशी नियम असे उलटसुलट आहेत. मला स्वतःला ते फोटो आवडतात, पण तसं काम करावंसं वाटत नाही.

आता एफ १.८ बद्दल, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवण्याबद्दल (एफचा आकडा वाढला की छिद्र लहान होतं). जाहिरात त्याचीच असते, आणि या कामात मी तो सर्वांत कमी वापरला. एक मीटरवर १.८ ला शार्प पट्टा, म्हणजे पुढून मागे जेवढं स्पष्ट दिसतं तो भाग, जेमतेम चार सेंटिमीटरचा. माणूस उभ्याउभ्या थोडा जरी झुलला तरी डोळा गेला आणि कानाची पाळी शार्प. मी बहुतेक वेळा एफ ४ वर असते, शटर सेकंदाच्या १/२५० पेक्षा संथ नाही. पट्टा साधारण दहा सेंटिमीटरचा मिळतो, आणि मागची दुकानं, पाट्या, वाहनं पुसट पण ओळखू येतील इतकी राहतात. शहरात काढलेल्या पोर्ट्रेटमागे शहर नको असेल तर घरी पडदा लावून काढावं.

तक्रार फोकस मोटरची. भर उजेडात चालते. संध्याकाळी पुलाखाली किंवा दुकानाच्या छपराखाली पुढे-मागे घरघरत राहते. हेल्मेट काखेत धरलेला एक बांधकाम कामगार ‘काढा की’ म्हणाला तेव्हा भुवयांवर सिमेंटची पूड होती आणि ओठाच्या एका कोपऱ्यात हसू. लेन्सने डोळा सापडेपर्यंत एक-दोन सेकंद घेतले. तेवढ्यात हसू गेलं, हनुवटी वर आली, खांदे ताठ झाले. ओळखपत्राचा फोटो तयार. आता मी बोलता बोलताच फोकस घेऊन ठेवते, शटरवरचं बोट अर्धं दाबलेलं, आणि अंतर बदलू देत नाही. पण हा लेन्सच्या उणिवेवरचा उपाय झाला, तिचं कौतुक नव्हे.

दुसरं, पांढऱ्या केसांमागे उघडं आभाळ असलं की कडेला जांभळी रेघ येते. एफ २.८ च्या पुढे बरीच कमी होते. मी माणसालाच छपराच्या सावलीत, तोंड उघड्या आभाळाकडे करून उभं करते. रेघही जाते, डोळ्यांत उजेडही येतो. चष्मेवाल्यांना हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगायचं, नाहीतर काचेत आख्खा रस्ता दिसतो.

आकाराबद्दल एकच सांगते: ही लेन्स लहान आहे आणि त्याचा उपयोग होतो. ८५ रोखली की लोक ‘कुठल्या चॅनेलचे?’ विचारायचे. हिला पाहून फक्त ‘कशाला?’ विचारतात. त्याचं खरं उत्तर तयार ठेवा, दोन वाक्यांत.

सेकंड-हँड घेणार असाल तर भर दुपारी दुकानाच्या दारात तपासू नका. अंधाऱ्या कोपऱ्यात एखाद्याला उभं करा, एक मीटरवरून त्याच्या डोळ्यावर सलग फोकस घेऊन पाहा, आणि तोवर तो माणूस कंटाळतो का तेही बघा.