आउटकास्ट: 'स्पीकरबॉक्स' की 'द लव्ह बिलो'?

अटलांटाच्या आउटकास्ट या हिप हॉप जोडीचा (बिग बॉय आणि आंद्रे ३०००) २००३ चा डबल अल्बम म्हणजे एकाच वेष्टनात दोघांचे दोन सोलो रेकॉर्ड. बिग बॉयचा 'स्पीकरबॉक्स' हिप हॉपच, पण फंक या ठेकेबाज नाचऱ्या संगीतात मुरलेला. त्यातल्या 'गेटोम्युझिक' या गाण्यात सुसाट इलेक्ट्रो बीट चालू असतो, मध्येच गायिका पॅटी लाबेलच्या जुन्या गाण्याचा संथ तुकडा येतो, आणि पुन्हा धावाधाव. गडी कुठेच डगमगत नाही. आंद्रे ३००० 'द लव्ह बिलो'मध्ये रॅप जवळजवळ सोडूनच देतो: जॅझ, सोल, गिटारवरचं 'हे या!'. धाडस त्याचंच मोठं, पण रेंगाळतो फार. गंमत म्हणजे बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 'हे या!'ला पहिल्या क्रमांकावरून हटवलं ते बिग बॉयच्या 'द वे यू मूव्ह'नं. सलग ऐकायचं तर मी 'स्पीकरबॉक्स'च लावेन. रॅपची सवय नसेल तर आधी आंद्रे.