दहा महिन्यांच्या वापरानंतर: कर्करोग रुग्णालयातील डॅशबोर्ड आणि एआय मदतनीस

मराठवाड्यातील एका कर्करोग रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात आम्ही दहा महिन्यांपासून दोन साधने वापरत आहोत: आकडेवारीचा डॅशबोर्ड आणि केसपेपरचा सारांश काढून देणारा एआय मदतनीस. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण अडचणींपैकी निम्म्या तरी आमच्याच नोंदींच्या होत्या.

डॅशबोर्डचा पहिलाच जिल्हानिहाय तक्ता चुकला. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. परंतु जुन्या केसपेपरवर जुने नाव, नव्यांवर नवे आणि घाईत लिहिलेल्यांवर नुसते 'संभाजीनगर', त्यामुळे एकाच जिल्ह्याचे तीन स्तंभ उभे राहिले आणि तिथले रुग्ण अचानक कमी झाल्याचा भास झाला. धाराशिवचेही तेच. दुरुस्तीत तीन आठवडे गेले, आणि वडगाव किती तालुक्यांत आहे हे त्यानिमित्ताने कळले.

नोंदी सुधारल्यावर मात्र उपयोग दिसू लागला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून दिले जाणारे रेडिएशन आणि ब्रॅकीथेरपी (शरीराच्या आतून, गाठीजवळून दिले जाणारे रेडिएशन) मिळून उपचार ८ आठवड्यांत पूर्ण होणे अपेक्षित असते. मध्ये खंड पडला तर आजार आटोक्यात राहण्याची शक्यता घटते. पूर्वी कोणाची सिटिंग चुकली हे रजिस्टर चाळून कळेपर्यंत आठवडा उलटत असे. आता सलग दोन दिवस न आलेल्या रुग्णाचे नाव सकाळीच यादीत येते आणि समाजसेवा विभागातील मॅडम लगेच फोन लावतात. दसरा-दिवाळीनंतर ही यादी लांबते, कारण बीडकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. फोन लागतो तेव्हा बाई उसाच्या फडात असते, नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि पुढचे सगळे बोलणे मॅडमनाच करावे लागते.

एआय मदतनीसाबद्दल माझे मत इतके चांगले नाही. इंग्रजीतील बायोप्सी अहवालाचा सारांश तो नेमका काढतो आणि माझा अर्धा तास वाचवतो. मराठी नोंदींवर मात्र त्याचा पाय घसरतो. तोंडाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या केसपेपरवर 'मिश्री लावते, २० वर्षे' असे स्पष्ट लिहिले होते. सारांशात 'रुग्णाला २० वर्षांपासून खडीसाखर खाण्याची सवय' असे उतरले. दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूची साखर झाली आणि व्यसनाच्या रकान्यात 'नाही' पडले. वाक्य इतके सफाईदार होते की दोघांच्या नजरेखालून ते तसेच गेले.

तेव्हापासून प्रत्येक सारांश मूळ कागदाशी ताडून, खाली सही करूनच पुढे पाठवला जातो. नाव, आधार क्रमांक आणि मोबाइल क्रमांक तर आधीपासूनच काढून टाकत होतो. शिवाय मदतनीसाला प्रत्येक वेळी सोबत द्यायची एक शब्दसूची आम्ही केली आहे: मिश्री, मशेरी, गायछाप, चुना-तंबाखू. तपकीर राहून गेली होती, ती मागच्या आठवड्यात घातली.