हेस्टिंग्जचा दरबार हॉल: थॉमस ब्रॅसी यांची कारकीर्द समजून घेऊन पाहावा असा

लंडनहून हेस्टिंग्जला जाणारी आपली बहुतेक मंडळी किल्ला आणि समुद्रकिनारा पाहून परततात. बोहेमिया रोडच्या चढावर असलेले तेथील संग्रहालय मात्र चुकवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. प्रवेश विनामूल्य आहे आणि एकट्या दरबार हॉलसाठी दोन तास सहज लागतात.

१८८६ साली लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनला भरलेल्या वसाहती व भारत प्रदर्शनासाठी हा लाकडी हॉल घडवला गेला. कोरीवकाम पंजाबातील भेरा गावच्या महंमद बक्ष आणि जुमा या दोन कारागिरांचे. लांबून सारखीच दिसणारी वेलबुट्टी जवळ जाऊन पाहिली, की एका पाकळीची धार तिच्या शेजारणीशी तंतोतंत जुळत नाही हे ध्यानात येते, आणि त्या दोघांचे हात डोळ्यांसमोर उभे राहतात. प्रदर्शन संपल्यावर थॉमस ब्रॅसी यांनी हा हॉल विकत घेऊन आपल्या पार्क लेनच्या घरी उभारला. त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये तो हेस्टिंग्जला देण्यात आला. १८६८ ते १८८६ अशी अठरा वर्षे ते याच गावाचे खासदार होते, त्यामुळे तो येथे शोभतो.

ब्रॅसी कोण होते हे वाचून गेलात, तर या हॉलचा अर्थ अधिक उलगडतो. रेल्वेच्या बड्या कंत्राटदाराचा हा मुलगा १८६६ मध्ये बॅरिस्टर झाला, पण वकिली त्याने केली नाही. त्याच्या आदल्याच वर्षी नौदलाच्या गोदीचे गाव असलेल्या डेव्हनपोर्टमधून ते निवडून आले होते आणि लगोलग झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत पडलेही होते. नौदलाचा ध्यास मात्र सुटला नाही. शिडे आणि वाफेचे इंजिन अशा दोहोंवर चालणारी 'सनबीम' ही नौका त्यांनी १८७४ मध्ये बांधून घेतली आणि १८७६-७७ मध्ये पत्नी अ‍ॅना व मुलांसह पृथ्वीप्रदक्षिणा केली. जहाज चालवण्याचे अधिकृत प्रमाणपत्र त्यांनी परीक्षा देऊन मिळवले होते. नौदल खात्यात सिव्हिल लॉर्ड, म्हणजे खात्याच्या मंडळावरील बिगरलष्करी सदस्य (१८८०-८४) आणि नंतर संसदीय सचिव (१८८४-८५) म्हणून काम करणाऱ्या या माणसाला समुद्र केवळ कागदावर ठाऊक नव्हता, ही बाब मला सर्वांत मोलाची वाटते. खात्याचे प्रमुख होते लॉर्ड नॉर्थब्रुक, म्हणजे आपल्याकडचे माजी व्हाइसरॉय. १८८४ मध्ये 'पॅल मॅल गॅझेट' या लंडनच्या वृत्तपत्राने नौदलाच्या दुबळेपणावर लेखमाला छापून एवढी खळबळ उडवली, की सरकारला जादा खर्च जाहीर करावा लागला. आणि पद सुटल्यावर १८८६ मध्ये ब्रॅसींनी 'नेव्हल अ‍ॅन्युअल' हे वार्षिक सुरू केले, ज्यातून निरनिराळ्या देशांच्या युद्धनौका, चिलखत आणि तोफा यांची माहिती सामान्य वाचकालाही मिळू लागली. मंत्रिपदापेक्षा हे काम मोठे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

एका गोष्टीबाबत मात्र त्यांचे कौतुक करता येत नाही. भारतातील अफूच्या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी १८९३ मध्ये नेमलेल्या ब्रिटिश अफू आयोगाचे ते अध्यक्ष होते आणि त्या आयोगाने भारतात अफूवर बंदीची गरज नाही, असा निष्कर्ष १८९५ मध्ये काढला. आयोगातील हेन्री विल्सन यांनी भिन्नमतपत्रिका जोडली, हे त्यांना भूषणावहच होय. भारतीय लाकूडकामाखाली उभे राहिल्यावर मला हा अहवाल आठवल्यावाचून राहिला नाही.

अ‍ॅना यांनी प्रवासात जमवलेल्या वस्तूंसाठीच पार्क लेनच्या घरी या हॉलचा उपयोग झाला. त्यांचे स्वतःचे निधन १८८७ मध्ये 'सनबीम'वरच झाले आणि त्यांना समुद्रातच निरोप देण्यात आला. पुढे १९१६ मध्ये ब्रॅसींनी तीच नौका रुग्णनौका म्हणून वापरण्यासाठी भारत सरकारला देऊन टाकली. जाण्यापूर्वी संग्रहालयाचे वार व वेळा पाहून घ्याव्यात, आणि चढ असल्यामुळे ज्येष्ठांनी स्थानकावरून टॅक्सी करावी.