प्ले थेरपी: जळगावला थेरपिस्टकडे न्यायचं की शिकून घरीच करायचं?

चोपड्याहून दर आठवड्याला जळगाव म्हणजे पोराचा अर्धा दिवस एसटीतच जातो, म्हणून बऱ्याच आया विचारतात की प्ले थेरपी, म्हणजे खेळातून पोराच्या मनावरचा उपचार, घरी नाही का जमणार. माझ्या भाच्यासाठी दोन्ही करून झालंय. सहा वर्षांचा आहे, वडील गेल्यापासून शाळेत बोलेचना.

थेरपिस्टकडे पोळ्याला आणतो तसे मातीचे बैल होते आणि वाळूचा ट्रे. त्यानं एक बैल वाळूत पुरला आणि गुडघे पोटाशी घेऊन बसला. मॅडमनी काही विचारलं नाही, त्याच्याकडे पूर्ण वळून खाली जमिनीवर बसल्या, तोंड एकीकडे आणि पाय दाराकडे असं नाही. खूप वेळानं तो आमच्या अहिराणी बोलीत म्हणाला, "मना बैल जपना," म्हणजे माझा बैल झोपला. त्या तेवढ्याच हळू आवाजात म्हणाल्या, "दमलाय खूप, कोणी उठवू नये वाटतंय त्याला." पोराचे खांदे सैल पडले हो. तिथं माझी बहीण असती तर तिला रडू फुटलं असतं, आणि आईचा चेहरा बघून त्यानं बैल लगेच काढला असता.

घरच्या प्रकाराला फिलिअल थेरपी म्हणतात, बर्नार्ड आणि लुईस गर्नी या मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं 1964 मध्ये मांडलेली. प्ले थेरपिस्ट गॅरी लँड्रेथ यांच्या पद्धतीत आईवडिलांची 10 ट्रेनिंग सेशन्स असतात आणि घरी आठवड्याला 30 मिनिटं खेळ, त्यात शिकवायचं नाही, प्रश्न नाही, पोराला काय वाटतंय तेवढं बोलून दाखवायचं. सोपं वाटतं पण नाहीये. बहिणीनं पोराशी खेळतानाचा स्वतःचा व्हिडिओ बघितला तेव्हा कळलं की तोंडानं "हो का रे" चाललंय आणि नजर कुकरकडे. पण एकदा जमलं की याला तोड नाही, कारण अहिराणी घरचीच आणि आई तर रोजच सोबत.

माझं मत स्पष्ट आहे. घरात मृत्यू, मारहाण, अत्याचार असं काही झालं असेल किंवा आई स्वतःच खचलेली असेल तर आधी थेरपिस्टच, एसटीचा त्रास सोसून. हट्ट, चिडचिड, नवीन भावंडाचा राग असेल तर फिलिअल शिका, फक्त व्हिडिओ बघून चूक सांगणारा थेरपिस्ट पाहिजेच, नुसतं यूट्यूब बघून नको. आम्ही चार महिने जळगाव केलं, मग घरी, आता दर रविवारी दुपारी मोबाईल बंद करून खेळण्यांचा तो एकच डबा निघतो.