अँबॅसिडरच्या पुल्या जुळवून देणारा पुण्यातल्या नाना पेठेतला लेथवाला, आणि ऑनलाईन "कंप्लीट किट"ची कथा

रेटिंग आधीच देऊन टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. लेथवाल्या काकांना पाचपैकी साडेचार, त्यांच्याच गल्लीतल्या रेडिएटरवाल्या चाचांना पाचपैकी पाच, आणि ऑनलाईन मागवलेल्या "कंप्लीट कूलिंग किट"ला दीड, त्यातला अर्धा पॅकिंग चांगलं होतं म्हणून. कोणाचंच नाव टाकत नाही. किटवाल्याशी अजून रिफंडची मेलामेली चालू आहे, आणि काकांनी स्वतःच सांगितलंय की नाव कुठे टाकू नको, आहेत तीच कामं उरकत नाहीत.

गाडी अँबॅसिडर मार्क ३, १९७७ची, पेट्रोल. इंजिन तेच १४८९ सीसीचं बीएमसी बी सिरीज, जे इंग्लंडमध्ये एमजीए १५०० या स्पोर्ट्स कारमध्ये पण यायचं, त्यामुळे आपल्याला उगाच वाटतं की पार्ट काय जगात कुठेही मिळतील. मिळतात, पण एकमेकांना लागत नाहीत ना! माझी गाडी डायनॅमोवर (बॅटरी चार्ज करणारा जुन्या पद्धतीचा जनरेटर) होती, रात्री हेडलाईट लावून सिग्नलला उभं राहिलं की लाईट मेणबत्तीसारखे व्हायचे, वर उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये गरम व्हायची, म्हणून ठरवलं की डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, नवा वॉटर पंप, पुल्या (बेल्ट ज्यांच्या खाचेत फिरतो ती चाकं), बेल्ट, होज पाईप सगळं एकदाच बदलून टाकू. किटच्या जाहिरातीत "सर्व पेट्रोल अँबॅसिडरला फिट" असं ठळक लिहिलेलं. आता ज्याला अँबी माहितीये त्याला इथेच हसू येईल, कारण १९९०च्या दशकात आलेली १८०० सीसी इसुझूवाली पण पेट्रोलच आहे आणि तिचं इंजिन पूर्ण वेगळं, एक नटसुद्धा सारखा नाही. मी विचारलं तर म्हणाले नाही नाही सर, हे जुन्या इंजिनाचंच आहे. ते खरं निघालं, म्हणजे बोल्ट बसले. बोल्ट बसणं आणि पुल्या जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा सगळा रिव्ह्यू त्याच्यावरच आहे.

किट बसवलं घराजवळच्या गॅरेजवाल्याने. दुसऱ्याच दिवशी बेल्ट चिरकायला लागला, टाईट केला की थोडा वेळ गप्प, परत सुरू. बेल्टच्या एका बाजूने काळी भुकटी पडायला लागली आणि बॉनेट उघडलं की जळक्या रबराचा वास. गॅरेजवाल्याचं म्हणणं "अजून टाईट करू". अरे, किती टाईट करणार, जास्त ताणला की पंपाची बेअरिंग जाते, मग खालच्या छोट्या भोकातून पाणी गळायला लागतं आणि आपण म्हणतो पंपच डुप्लिकेट होता. शेवटी ऑफिसातल्या एकाने नाना पेठेतला पत्ता दिला, तो स्वतः एमजीबी (एमजीएनंतरची स्पोर्ट्स कार) बाळगून आहे, म्हणाला किट घेऊन जा आणि जुने काढलेले पार्ट पण ने, फेकले नाहीस ना? नव्हते फेकले.

दुकान म्हणजे एक लेथ, एक प्रेस, एक ड्रिल मशीन आणि भिंतीला तारेत ओवलेल्या जुन्या पुल्या. काकांनी नव्या किटकडे बघितलंच नाही आधी. जुनी क्रँकची (इंजिनाच्या मुख्य शाफ्टची) पुली, जुनी पंपाची पुली आणि डायनॅमोची, तिन्ही टेबलावर ओळीने ठेवल्या, बोट खाचेतून फिरवलं आणि मग म्हणाले "बेल्ट कुठला लावलाय?" मी किटमधला दिला. व्हर्नियर लावून वरची रुंदी मोजली, १० मिमी. मग जुन्या क्रँकच्या पुलीची खाच मोजली, ती १३च्या बेल्टची. किटमधली क्रँक पुली पण १३ची, पंपाची पण १३ची, आणि अल्टरनेटरवर आलेली पुली १०ची, म्हणून किटवाल्याने बेल्ट दिला १०चा. म्हणजे दोन ठिकाणी तो बेल्ट खाचेच्या तळाशी जाऊन बसतोय. काकांनी मला पंपाची नवी पुली उजेडात तिरकी धरून दाखवली, तळाला आरशासारखी चकाकणारी रेघ पडलेली, थोडेच दिवस चालली होती गाडी. व्ही बेल्ट दोन्ही बाजूच्या भिंतींवर पकड घेतो, तळाला टेकला की संपलं, घसरणारच, कितीही ताणा. बेल्टची पाठ पुलीच्या काठाबरोबर किंवा किंचित वर दिसली पाहिजे, आत बुडालेली दिसली की समजायचं माप चुकलंय. हे बघायला व्हर्नियर पण लागत नाही, नुसते डोळे पुरतात, तरी कुणी बघत नाही.

दुसरा घोळ गाडीवर बघितला. काकांचा पोरगा आला खाली, पार्किंगमध्येच, फॅन काढला आणि लांब स्टीलची पट्टी क्रँकच्या पुलीच्या तोंडावर धरून वर पंपाच्या पुलीपर्यंत नेली, मागून मोबाईलचा टॉर्च मारला. पंपाच्या पुलीपाशी पट्टीच टेकेना, पुली चांगली पाच-सहा मिमी पुढे आलेली, आणि अल्टरनेटरपाशी उलट, तिथे पट्टीमागून उजेडाची फट. म्हणजे बेल्ट चालताना नागमोडी जातोय. कारण साधं होतं, नव्या पंपाच्या शाफ्टवर जी फ्लँज असते, जिच्यावर पुली आणि फॅन बोल्ट होतात, ती फॅक्टरीत पुरती आत दाबलेलीच नाही. जुना पंप शेजारी ठेवला की उघड दिसतं. एमजीबीवाल्यांना हे बरोबर माहिती असतं कारण तिकडे लांब नाकाचा पंप आणि आखूड नाकाचा पंप असे दोन प्रकारच आहेत आणि पुली त्याप्रमाणे घ्यावी लागते, आपल्याकडे मात्र पंप म्हणजे पंप. वर आणखी त्रास असा की फ्लँज पुढे म्हणजे फॅन पण पुढे, पातं रेडिएटरच्या जाळीपासून करंगळीएवढंच लांब राहिलेलं, इंजिन माउंटिंग जरा बसलं असतं तर जाळी फाटलीच असती.

काकांनी केलं काय, तर पंप प्रेसवर घेतला, मधे मधे मोजत फ्लँज जुन्या पंपाच्या मापाला आत दाबली, पण आतलं इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) मागे सरकून पंपाच्या अंगाला घासत नाही ना हे हाताने फिरवून दोनदा बघितलं. हे मला फार आवडलं, कारण हातोडी मारून फ्लँज आत सारणारे पण बघितलेत आणि त्यात सील जातं. अल्टरनेटरला १३ मिमीची पुली त्या तारेतल्या माळेतूनच शोधून दिली, तिचं मधलं भोक थोडं मोठं केलं. डायनॅमोचं अंग लांब असतं आणि अल्टरनेटरचं आखूड, त्यामुळे मागच्या कानापाशी (बोल्ट जातो त्या भोकाच्या पट्टीपाशी) गॅप राहतो, तिथे गॅरेजवाल्याने वॉशरची चळत लावलेली, ती काढून एकच लोखंडी बुश लेथवर बनवला, अगदी मापाचा. परत पट्टी लावली, तिन्ही पुल्या टेकल्या. बेल्ट १३चा नवीन, सगळ्यात लांब अंतराच्या मधोमध अंगठ्याने दाबून अर्धा इंच खाली जाईल इतकाच ताण.

आता पुलीच्या साईजबद्दल. मी विचारलं की किटमधली पंपाची पुली जुन्यापेक्षा मोठी दिसतेय, चालेल का. काका म्हणाले "चालेल, गाडी चालत असताना चालेल, उभी असताना नाही चालणार." समजा क्रँकची पुली ११५ मिमी आणि पंपाची पण ११५, तर इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मिनिटाला ८०० फेरे घेत असताना पंप आणि फॅन पण ८००ने फिरणार. पंपाची १३० केली की तेच ७०० वर येतात, आणि सिग्नलला तर पाणी आणि हवा दोन्हीचा भार त्या फॅन-पंपावरच असतो. हायवेला वाऱ्यामुळे काही कळत नाही. अल्टरनेटरचं उलट, त्याला छोटी पुली लागते म्हणजे आयडलला पण चार्ज करतो, आणि डायनॅमोची मोठी पुली अल्टरनेटरवर चढवली (हे पण लोक करतात, बसते म्हणून) तर अल्टरनेटर टाकून फायदा काय. म्हणून पंपाची जुनीच पुली सँडब्लास्ट करून परत लावली. किटमधली घरी पडून आहे, कोणाला पेपरवेट पाहिजे असेल तर सांगा.

क्रँकची पुली मला नवी पाहिजे होती कारण जुनीच्या मागून ऑईल यायचं. या इंजिनात टायमिंग कव्हरचं पुढचं ऑईल सील थेट पुलीच्या नळीवर घासतं, वर्षानुवर्षं घासून तिथे खाच पडते, मग सील कितीही नवीन टाका, ऑईल झिरपतंच आणि सरळ बेल्टवर उडतं, बेल्ट परत घसरतो. काकांनी नवी पुली हातात घेतली, चावीची खाच (पुली शाफ्टवर अडकवणाऱ्या पट्टीची) आणि काठावरची टायमिंगची खाच (ठिणगी कधी पडावी ते लावायची खूण) यांच्यातलं अंतर जुन्याशी ताडून बघितलं आणि बाजूला ठेवून दिली. टायमिंगची खाच बोटभर पुढे होती. म्हणजे एक नंबरचा पिस्टन वर आला तरी खाच काट्यासमोर येणारच नाही, आणि त्या खाचेवर कुणी टायमिंग लावलं तर इंजिन ठोकत बसेल नाहीतर ओढच राहणार नाही, आणि लोक कार्बोरेटर उघडत बसतील. जुन्याच पुलीची नळी लेथवर साफ करून वर पातळ स्लीव्ह दाबून दिली, सील नवीन. त्या दिवसापासून पुढचा ऑईल लीक बंद, गाडीखालचा पुठ्ठा मी बदललाच नाहीये.

तिथून चाचांकडे पाठवलं, आणि चाचा म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. वरची टाकी झाळून काढली, आतल्या नळ्या दाखवल्या, बोअरवेलच्या पाण्याच्या पांढऱ्या खारीने निम्म्या बंद. मी शहाणपणा करून म्हटलं चार लाईनीची कोअर (नळ्यांची जाळी) टाका, मोठी. चाचा म्हणाले "डाल देता हूँ, मेरेको तो पैसा ज्यादा मिलेगा, लेकिन तेरा पंखा छोटा है, इतनी मोटी जाली में से हवा खिंचेगी नहीं." तीनच लाईनीची टाकली. फॅन बघितल्यावर तर त्यांनी कपाळाला हात लावला, गॅरेजवाल्याने उलटा लावलेला. उलटा लावला तरी हवा त्याच दिशेला जाते म्हणून लक्षात येत नाही, पण पात्याचा बाक चुकीच्या बाजूला गेला की हवा खूपच कमी खेचतो. किटमधलं झाकण ०.९ बारचं होतं, आजकालच्या गाड्यांचं, ते त्यांनी ठेवूनच घेतलं आणि ७ पौंडाचं (साधारण अर्धा बार) दिलं, तेही रेडिएटरच्या गळ्याची खोली मोजून, कारण झाकणाचं खालचं रबर गळ्यात टेकलंच नाही तर प्रेशर धरणार कसं. ७ पौंडात पाणी ११० डिग्रीच्या आसपास उकळतं, आपल्या गाडीला तेवढं पुरतं, पन्नास वर्षं जुन्या डागाच्या जोडांवर उगाच जास्त प्रेशर नको.

थर्मोस्टॅटवरून (ठरावीक तापमानाला उघडणारी पाण्याची झडप) माझी आणि गॅरेजवाल्याची आधी वादावादी झालेली, त्याचं म्हणणं "इंडियात लागत नाही, काढून टाका". काकांनी ८२ डिग्रीचा लावला, गरम पाण्याच्या पातेल्यात उघडतोय का बघून मगच. तो नसला की थंडीत इंजिन तापायलाच वेळ लागतो, चोक ओढून फिरावं लागतं, पेट्रोल पितं, आणि गाडी गरम होण्याचं खरं कारण तर आत खार साठवून बसलेलंच राहतं.

निकाल: भर मे महिन्यात दुपारी दिवे घाट चढलो, चार माणसं, डिकी भरलेली. डॅशबोर्डखाली वेगळं मीटर लावलंय, काटा ९०च्या वर गेला नाही. परत येताना हडपसरला ट्रॅफिकमध्ये ९५ला टेकला आणि तिथेच थांबला, गाडी सुटल्यावर खाली. बेल्टचा आवाज शून्य. हेडलाईट, वायपर सगळं चालू ठेवून आयडलला चार्जिंग दाखवतो. पैसे? किटला गेले त्याच्या निम्म्यात काका आणि चाचा दोघांची कामं झाली, नवा बेल्ट आणि कोअर धरून.

काकांचा अर्धा स्टार का कापला ते पण सांगतो. फोन उचलत नाहीत म्हणजे नाहीतच, उद्या म्हणाले की परवा धरायचं, आणि बुशला रंग मारून द्या म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. बिल मिळत नाही, वहीच्या पानावर आकडे मिळतात. वायरिंगचं काम ते करत नाहीत, ते आधी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, विशेषतः जुनी गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेली) असेल तर अल्टरनेटर जोडायच्या आधीच, नाहीतर त्यातले डायोड लगेच जातील, आणि डायनॅमोचा जुना कटआऊट (चार्जिंग चालू-बंद करणारी डबी) पण बायपास करावा लागतो.

ज्यांना जायचंय त्यांनी मेसेज करा, पत्ता पाठवतो. जाताना काढलेला प्रत्येक जुना पार्ट न्या, गंजलेला असला तरी, शक्यतो गाडीच न्या, आणि इंजिन गार असताना न्या, गरम गाडीला ते हात लावत नाहीत. बुधवारी सकाळी जाऊ नका, काका जुन्या बाजारात पुल्या धुंडाळत असतात, शटर दुपारनंतरच उघडतं.