‘बोर्डच गेला भाऊ’ म्हणून घेतलेले २,८०० रुपये

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सेवा केंद्रावर पीक विम्याची गर्दी, आणि नेमका कॉम्प्युटरचा नेट बंद. फायबरचा नवा डबा, म्हणजे राउटर, आदल्याच दिवशी बसलेला. त्याच डब्याच्या वायफायवर मोबाइल मात्र झकास चालत होते. दुरुस्तीवाल्यानं मागची वायर हलवून पाहिली आणि सांगितलं, “बोर्डच गेला ना भाऊ, विजेनं लॅनची आयसी उडाली.” म्हणजे नेटच्या वायरीचं काम बघणारी बोर्डावरची चिप जळाली. कॉम्प्युटरची पेटी तीन दिवस तालुक्याला. परत आली तेव्हा नेट सुरू होता, बिल २,८००.

बाजूचा पत्रा उघडला तर आत कापसाची धूळ जशीच्या तशी, रिकाम्या स्लॉटमधलं कोळ्याचं जाळंही शाबूत. आयसी बदलायची तर बोर्ड बाहेर काढून गरम हवेनं तापवावा लागतो, भोवती सोल्डरिंगच्या फ्लक्सचा चिकट डाग उरतो. इथं स्क्रूसुद्धा हलला नव्हता.

पेटी देण्याआधी सेटिंगच्या स्क्रीनचा एक फोटो काढलेला होता, त्यानं सगळं उघडं पडलं. कॉम्प्युटरला १९२.१६८.०.१० हा पत्ता कोणीतरी पूर्वी हातानं भरून ठेवला होता, जुन्या राउटरच्या १९२.१६८.०.१ ला जुळणारा. नवा डबा १९२.१६८.१.१ वर. दोघांची गल्लीच वेगळी, मग भेट कशी व्हायची? नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ उघडून ‘ऑब्टेन ऑटोमॅटिकली’वर दोन टिचक्या, पत्त्यासाठी एक आणि डीएनएससाठी (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) एक. एवढंच काम.

म्हणून पेटी हलवण्याआधी सीएमडी (कमांड लिहायची काळी खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ टाकावं. आयपीव्ही४ समोर १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला, तर वायरीत जोडणी आहे, पण राउटरनं पत्ता दिलेला नाही. डबा बंद करून चालू करावा, वायर दुसऱ्या पोर्टात लावून पाहावी. पत्ता बरोबर, म्हणजे राउटरच्याच गल्लीतला असेल तर आधी राउटरला पिंग (समोरून उत्तर येतं का ते पाहणारी कमांड), मग बाहेरच्या, गूगलच्या ८.८.८.८ ला. दोन्हीकडून उत्तर येतंय आणि साइट तेवढ्या उघडत नाहीत, तर बहुधा डीएनएस बिघडलाय. तारीखही बघावी: बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ मागं जातं आणि सुरक्षित साइट उघडायला नकार देतात. डब्यावर ‘लॉस’चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा असेल तर दोष बाहेरच्या फायबरमध्ये, कॉम्प्युटरला हातही लावू नये.

मृगाच्या कडकडाटात लॅन पोर्ट खरंच जळतात, ते खोटं नाही. तेव्हा आयपीकॉन्फिगमध्ये ‘मीडिया डिसकनेक्टेड’ येतं, आणि दुसरी चांगली वायर, दुसरा पोर्ट लावूनही पोर्टाचे दिवे पेटत नाहीत. बाकी कॉम्प्युटर नीट चालत असेल तर तेव्हाही बोर्ड बदलायची गरज नसते. यूएसबीला लागणारा लॅन ॲडॅप्टर काही शे रुपयांत येतो.

आणि पेटी द्यावीच लागली, तर हार्ड डिस्क काढून ठेवावी. चार स्क्रू, दोन वायरी. शेतकऱ्यांच्या आधार-पासबुकांचे स्कॅन तिच्यात असतात, आणि लॅनची आयसी बदलायला ती लागत नाही.