वसईचा बाटली मसाला: पाचपैकी चार

वसईच्या एका ईस्ट इंडियन काकूंकडून बाटली मसाला आणि फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल पाव) मागवले. ही मराठी बोलणारीच ख्रिस्ती मंडळी. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतलं. मसाल्यात 20हून जास्त जिन्नस, भाजून कुटलेले, आणि बियरच्या गडद रंगाच्या बाटलीत अगदी ठासून भरलेले. किलोभर मटणाला तीन चमचे पुरले, वेगळा गरम मसाला लागलाच नाही. फुगे मात्र गरमच खा. गार झाले की चिवट. काकूंनी फोनवर दम दिला, "बाळा, ओला चमचा घातलास तर पुढची बाटली विसर." किंमत जरा चढीच. नाताळासाठी हवं असेल तर नोव्हेंबरातच सांगून ठेवा.